हिसका न देतां लागणारा गळ

अर्नेस्ट हेमिंग्वे यांची १९५२ सालीं प्रसिद्ध झालेली म्हाताऱ्या कोळ्याची कथा पु. ल. देशपांडे यांच्या 'एका कोळियाने' या अनुवादामुळें आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाची असेलच. तो कोळी क्यूबाच्या किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यांत दोर सोडून बसतो. मासा आमिषाला तोंड लावतो, तरी तो घाई करीत नाहीं. दोर सैल सोडीत राहतो, माशानें आमिष पुरतें गिळावें म्हणून वाट पाहतो, आणि मग दोन्ही हातांनीं जोराचा हिसका देतो. तो मासा मार्लिन होता. आज आम्ही त्या हिसक्याविषयींच लिहिणार आहों. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं मासा शिजत नाहीं हें आम्हांस ठाऊक आहे (आमचे सारस्वत स्नेही हें वाचून हंसतील, ती गोष्ट निराळी). परंतु येथें प्रश्न ताटांतल्या माशाचा नाहीं. धरून पुन्हां समुद्रांत सोडलेल्या माशाचा आहे.

निळा मार्लिन हा उष्ण प्रदेशांतील उघड्या महासागरांचा रहिवासी होय. पाठ गर्द निळी, पोट रुपेरी, आणि वरचा जबडा वाढून भाल्यासारखा झालेला. या जातींत मोठेपणा मादीकडे आहे. नर दीडशें किलोंच्या पलीकडे क्वचितच जातो. मादी मात्र पांचशें किलोंच्याही वर भरते. काठी आणि रीळ यांनीं धरलेल्या माशांची नोंद ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९३९ सालीं स्थापन झाली. तिच्या दप्तरीं ब्राझीलमधील व्हितोरिया येथें १९९२ सालीं धरलेल्या ६३६ किलोंच्या आणि हवाई बेटांतील कोना येथें १९८२ सालीं धरलेल्या ६२४ किलोंच्या निळ्या मार्लिनची नोंद आहे. संस्थेचे नियम कडक आहेत. मासा ज्यानें लावला त्यानेंच तो होडीपर्यंत आणावयाचा. मध्यें दुसऱ्या कोणी काठीला हात लावला कीं तो मासा विक्रमांतून बाद.

एवढा मोठा मासा दिसला कीं धरला, अशी कल्पना होणें साहजिक आहे. वस्तुस्थिति अगदीं उलट. मार्लिनचें तोंड आंतून कठीण हाडाचें असतें. गळाचें टोंक त्यावरून दगडावरून सुई घसरावी तसें घसरतें. शिवाय तो भक्ष्यावर पुष्कळदां भाल्याचा तडाखा मारतो, आणि तोंडांत धरतो तें मागाहून. पहिल्या झडपेला दोर ताणला म्हणजे आमिष त्याच्या तोंडांत आहेच असें नव्हे. म्हणून दहा झडपांपैकीं पांच-सहांत गळ लागला तरी जाणते कप्तान समाधान मानतात.

कोना हें या विद्येचें एक मोठें पीठ आहे. तेथें ज्वालामुखी पर्वतांच्या आडोशामुळें समुद्र शांत असतो, आणि किनारा सोडल्यावर थोड्याच अंतरावर पाणी एकदम खोल होतें. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळांत हेन्री ची या तेथील कप्तानानें रेझिन ओतून खोट्या आमिषांचीं डोकीं बनविलीं, आणि तेव्हांपासून तेथें खऱ्या माशाऐवजीं हीं झालरवालीं आमिषें होडीमागें ताशीं सात ते नऊ सागरी मैलांच्या वेगानें ओढीत नेण्याची प्रथा रूढ झाली. असें आमिष मधून मधून पृष्ठावर येऊन हवा घेतें, पुन्हां बुडतें, आणि मागें बुडबुड्यांची पांढरी शेपटी सोडीत जातें. मार्लिन त्यावर धांवून येतो तो वेगांत, आणि गळ बहुधा जबड्याला किंवा तोंडाच्या कोपऱ्यालाच लागतो. येथें यश वाढविण्याचे उपाय साधे आहेत, पण त्यांत आळस चालत नाहीं. गळ कानशीनें घासून इतका तीक्ष्ण ठेवावा कीं अंगठ्याच्या नखावर टेकतांच अडकावा. घसरला तर तो बोथट समजावा. आमिषांत तो ढिला लोंबूं न देतां ताठ बसवावा, म्हणजे त्याचें टोंक नेहमीं एकाच दिशेस राहतें. रिळाचा ब्रेक दोराच्या बळाच्या चौथाई ते तिहाई इतका लावावा, म्हणजे १३० रत्तलांच्या दोराला सुमारें ३० ते ४० रत्तल. याहून सैल असेल तर टोंक हाडांत शिरत नाहीं, याहून घट्ट असेल तर दोर तरी तुटतो नाहींतर मांस फाटून गळ निसटतो. गळ एक असावा कीं दोन, यावर कप्तानांचे वाद संपत नाहींत. दोन असले तर एक चुकला तरी दुसरा साधतो हें खरें. पण तोच दुसरा कधीं माशाच्या डोळ्यांत, कधीं कल्ल्यांत, आणि कधीं मासा सोडविणाऱ्या खलाशाच्या तळहातांत जातो. आमचें मत विचाराल तर एकाच्या बाजूचें.

खऱ्या माशाचें आमिष वापरलें कीं सगळा हिशेब बदलतो. या रीतींत प्रथम बिनगळाचीं आमिषें ओढून मार्लिनला होडीच्या अगदीं मागें आणतात, तीं एकाएकीं वर ओढून घेतात, आणि चवताळलेल्या माशापुढें गळ लावलेला खरा मासा सोडतात. मार्लिन तो घेऊन वळतो, गिळूं लागतो. जुन्या पद्धतींत इंग्रजी 'जे' अक्षराच्या आकाराचा गळ असे, आणि करावयाचें तें हेमिंग्वेच्या म्हाताऱ्यानें केलें तेंच: गिळूं द्यावें आणि हिसका मारावा. म्हाताऱ्याचें तें बरोबरच होतें. त्याला मासा मारून विकावयाचा होता. परंतु ज्याला मासा सोडून द्यावयाचा आहे त्यानें त्याच्या घशांत आणि पोटांत लोखंड रुतवावें, ही गोष्ट विचित्रच म्हटली पाहिजे.

यावर तोड निघाली ती वर्तुळाकार गळाची. या गळाचें टोंक वर न पाहतां आंत, दांड्याकडे वळलेलें असतें. पाहणाऱ्यास वाटावें कीं यानें कांहीं अडकणेंच शक्य नाहीं. ज्यांच्या घरीं आड होता त्यांना आडांत पडलेली घागर गळानें कशी काढीत तें आठवत असेल. घाईनें ओढलें कीं गळ घागरीच्या कांठावरून सुटे. सावकाश, एकसारखा ताण दिला कीं तो फिरून आपोआप गळ्याखालीं बसे. वर्तुळाकार गळाचें तसेंच आहे. मासा आमिष घेऊन दूर जाऊं लागतो, काठी धरणारा पांच-सात आंकडे मोजतो आणि ब्रेक हळूहळू चढवितो. गळ घशांतून सरकत बाहेर येतो, वाटेंत त्याचें टोंक कोठेंही रुतत नाहीं, आणि तोंडाच्या कोपऱ्याशीं आला म्हणजे तेथें वळसा घेऊन जबड्याभोंवतीं पक्का बसतो. हिसका दिला तर मात्र वळावयास अवसर न मिळतां तो सरळ तोंडाबाहेर येतो.

ही केवळ समजूत नव्हे. ग्वाटेमालाच्या किनाऱ्यावर सेलफिश नांवाच्या मार्लिनच्या भाऊबंदावर दोन्ही गळांची तुलना करण्यांत आली, व तिचे निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाले. वर्तुळाकार गळानें दर झडपेमागें मासा लागण्याचें प्रमाण १.८३ पट आढळलें. जुन्या गळानें लागलेल्या माशांपैकीं शेंकडा ४६ माशांच्या घशांत किंवा पोटांत गळ रुतला होता. नव्यानें शेंकडा दोनांच्या. दुसऱ्या ठिकाणीं व दुसऱ्या जातींत यशाचा फरक इतका मोठा दिसला नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. परंतु जिवाचा फरक स्पष्ट आहे. पांढरा मार्लिन धरून, अंगावर उपग्रहाशीं बोलणारें लहानसें यंत्र लावून सोडण्याचा जो प्रयोग झाला व २००५ सालीं छापला गेला, त्यांत वर्तुळाकार गळानें धरलेले वीसच्या वीस मासे जगले. जुन्या गळानें धरलेल्या विसांपैकीं तेरा जगले. उरलेले सात ज्यांनीं सोडले त्यांनीं ते पोहत जातांना पाहिले होते. त्यांच्या वहींत ते जिवंत सोडलेले म्हणूनच लिहिले गेले असते.

गंमत अशी कीं हा नवा गळ मुळींच नवा नाहीं. हवाई बेटांवरील जुन्या वस्त्यांच्या उत्खननांत हाडाचे व शिंपल्याचे गळ मोठ्या संख्येनें सांपडले. होनोलुलूच्या बिशप म्युझियमच्या केनेथ एमरी प्रभृति संशोधकांनीं त्यांचा अभ्यास १९५९ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. त्या गळांचे दोन वर्ग करतात: टोंचणारे आणि फिरणारे. फिरणाऱ्यांचें टोंक आंत वळलेलें, अगदीं आजच्या वर्तुळाकार गळासारखें. हाडाचा गळ हिसक्यानें मोडतो, हें त्या लोकांना कोणी शिकवावयास नको होतें.

अमेरिकेनें अटलांटिकमधील आपल्या मार्लिन-स्पर्धांत खरें आमिष वापरणाऱ्यांना १ जानेवारी २००८ पासून वर्तुळाकार गळ सक्तीचा केला. केवळ खोटें आमिष ओढणाऱ्यांना ही सक्ति नाहीं, आणि ती अयोग्य सूट आहे असें आम्हांस वाटत नाहीं. वेगानें ओढलेलें आमिष मासा गिळीत बसत नाहीं, आणि वर्तुळाकार गळ तेथें नीट साधतही नाहीं. खेळांतील नेहमींच्या पद्धतीनें बर्म्युडाजवळ धरून सोडलेल्या नऊ निळ्या मार्लिनांपैकीं निदान आठ पांच दिवसांनंतरही जिवंत असल्याचें यंत्रांनीं कळविलें होतें.

हा खेळच मुळांत क्रूर आहे असें आमच्यापैकीं कांहींजण म्हणतील, आणि त्यांच्याशीं वाद घालण्याची आमची इच्छा नाहीं. तथापि २०११ सालीं ही जात धोक्यांत आलेल्यांच्या यादींत गेली, ती मुख्यतः काठीवाल्या हौशी लोकांमुळें नव्हे. ट्यूना धरण्यासाठीं मैलोगणती लांब दोर व त्यांवर हजारों गळ टाकणारीं जहाजें महासागरांत फिरतात, आणि त्या गळांना मार्लिनही लागतात. आपल्या अरबी समुद्रांतही हे भालेवाले मासे आहेत, व तेही बहुतांशीं दुसऱ्याच माशासाठीं टाकलेल्या दोरांत आणि जाळ्यांत सांपडतात. जहाजांपुढें हौशी लोकांचा वांटा लहान. पण सोडलेल्या विसांतले सात वांचविणें त्यांच्या हातीं आहे.

आणि अडचणही त्या हातांचीच आहे. वीस-वीस वर्षें हिसका मारून हात तयार झालेले. झडप पडली कीं मनाच्या आधीं हात उठतो आणि आमिष तोंडांतून निघून जातें. यामुळें कित्येक कप्तान असल्या पाहुण्याच्या हातीं आरंभीं काठी देतच नाहींत. ती दांडीच्या आधारावर तशीच उभी ठेवतात, ब्रेक स्वतः चढवितात, आणि मासा पक्का लागल्यावर मगच पाहुण्याला खुर्चीवर बसवितात. विक्रमाच्या नियमांप्रमाणें तो मासा अर्थातच बाद.