ताळा पाहण्याची सवय

भागाकाराचें उदाहरण सोडविल्यावर भाजक व भागाकार यांच्या गुणाकारांत बाकी मिळवून भाज्य येतें कीं नाहीं तें पाहावें, हें प्राथमिक शाळेंतच शिकविलें जातें. यास ताळा पाहणें म्हणतात. ज्यास ताळा पाहतां येतो त्यास उत्तरासाठीं पुस्तकाचीं शेवटचीं पानें उलटावीं लागत नाहींत. संगणकाचे प्रोग्रॅम लिहून कोडीं सोडविणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांत मात्र ही सवय क्वचितच आढळते. ताळ्याचीं साधनें त्यांनीं स्वतःच्या हातानें तयार करावीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

१९८९ सालीं बल्गेरियांत सुरू झालेलें माहितीशास्त्राचें आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड घ्या, किंवा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची आय. सी. पी. सी. ही स्पर्धा घ्या. रीत बहुतेक एकच. प्रश्नासोबत एकदोन लहान नमुने उत्तरांसह दिलेले असतात, आणि प्रोग्रॅमची खरी परीक्षा विद्यार्थ्यास न दाखविलेल्या आंकड्यांवर होते. आय. सी. पी. सी. मध्यें परीक्षक-यंत्र ‘चूक’ एवढेंच सांगतें; कोठें चुकलें तें सांगत नाहीं. शिवाय जें कोडें अखेर सुटतें त्यावरील प्रत्येक चुकलेल्या प्रयत्नाबद्दल २० मिनिटांचा दंड पडतो. अशा वेळीं गोंधळलेला विद्यार्थी एके ठिकाणीं एक मिळवितो, दुसऱ्या ठिकाणीं एक वजा करतो, आणि पुन्हां उत्तर धाडतो. चौथ्या खेपेस तें मान्य झालें तरी तो काय शिकला? केवळ नशिबावर हवाला ठेवावयास शिकला, असेंच म्हणावें लागेल.

एक प्रसिद्ध कोडें घेऊं. संख्यांची एक रांग दिली आहे. तिच्यांतील सलग संख्यांचा असा तुकडा शोधावयाचा कीं ज्याची बेरीज सर्वांत मोठी येईल. तुकड्यांत निदान एक संख्या असलीच पाहिजे. यावर काडेन यांच्या नांवानें ओळखली जाणारी सुरेख रीत आहे. डावीकडून बेरीज करीत जावें, बेरीज ऋण झाली कीं ती टाकून शून्यापासून पुन्हां आरंभ करावा, आणि वाटेंत आलेली सर्वांत मोठी बेरीज लक्षांत ठेवावी. रांग २, -३, ४, -१, २ अशी असेल तर उत्तर ५ येतें व सर्व ठीक दिसतें. परंतु विद्यार्थ्यानें ‘सर्वांत मोठी बेरीज’ आरंभीं शून्य धरली असेल, आणि रांग -३, -१, -४ अशी आली, तर प्रोग्रॅम शून्य असें उत्तर देतो. खरें उत्तर -१ आहे. सर्व संख्या ऋण असलेली रांग विद्यार्थ्याच्या मनांतच आली नव्हती, म्हणून ही चूक राहिली. जें मनांत येत नाहीं तें यंत्राकडून पुढें आणविलें पाहिजे.

त्यासाठीं तीन लहान साधनें पुरतात. पहिलें साधन रांगा तयार करतें: एक ते सहा संख्या, प्रत्येक उणे पांच ते पांच यांमधील, सोडत काढल्याप्रमाणें वाटेल ती. दुसरें साधन म्हणजे तेंच कोडें मंद व भोळ्या रीतीनें सोडविणारा प्रोग्रॅम. तो प्रत्येक आरंभ व प्रत्येक शेवट घेऊन बेरजा करीत बसतो. त्यांत चातुर्य नसल्यामुळें चुकण्यास जागा थोडी असते. तिसरें साधन दोहोंचीं उत्तरें ताडून पाहतें, आणि तीं भिन्न निघतांच थांबून ती रांग छापतें. पायथॉन भाषेंत हें सर्व तीस-चाळीस ओळींत बसतें, आणि हजारों रांगा कांहीं सेकंदांत तपासून होतात. रांगा मुद्दाम लहान ठेवाव्या, कारण तीन संख्यांवर सांपडलेली चूक कागदावर उलगडतां येते. चूक दाखविणारी प्रत्येक रांग फाइलींत जपून ठेवावी व प्रोग्रॅम बदलल्यावर पुन्हां चालवावी. मात्र दशांश अपूर्णांकांचीं उत्तरें अगदीं तंतोतंत जुळावीं असा आग्रह धरूं नये. आणि जेथें एकाहून अधिक उत्तरें बरोबर असूं शकतात तेथें उत्तर प्रश्नाच्या अटींत बसतें कीं नाहीं तें पाहावें.

लहान रांगांवरच विसंबणें मात्र धोक्याचें आहे. क्रमानें लावलेल्या यादींत मधोमध पाहून अर्धी यादी सोडीत जाण्याची शोधरीत विद्यार्थ्यांस परिचित आहे. जावा भाषेच्या संग्रहांत ती लिहिणारे जोशुआ ब्लॉक यांनीं २००६ सालीं जाहीर केलें कीं, तिच्यांत सुमारें नऊ वर्षें एक चूक दडून होती. मध्य काढण्यासाठीं दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज केली जाई. ती २,१४,७४,८३,६४७ च्या पलीकडे गेली कीं ऋण होई. हा दोष लहान यादींत कधींच दिसला नसता. म्हणून प्रश्नांत दिलेल्या मर्यादेएवढी मोठी रांगही करून पाहावी. तिच्यावरून वेगही कळतो. दोन लक्ष संख्यांच्या रांगेंत आरंभ व शेवट यांच्या जोड्या सुमारें दोन हजार कोटी होतात, आणि तेथें भोळी रीत कां चालत नाहीं हें विद्यार्थ्यास प्रत्यक्ष पटतें.

यावर कोणी म्हणतील कीं, स्पर्धेच्या घाईंत साधनें करीत बसावयास वेळ कोठला? ज्यानें तीं घरीं दहा वेळां केलीं आहेत तो स्पर्धेंत दहा-पंधरा मिनिटांत तीं उभीं करतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्रश्नच चुकीचा समजला असेल तर दोन्ही प्रोग्रॅम सारखेच चुकतील. हें खरें आहे. म्हणून दिलेले नमुने प्रथम हातानें सोडवावे, आणि शक्य तेथें भोळा प्रोग्रॅम बाकावरील सोबत्याकडून लिहवून घ्यावा. इतकें करूनही प्रोग्रॅम निर्दोष आहे असें सिद्ध होत नाहीं. आपल्याला चूक सांपडली नाहीं, एवढेंच म्हणतां येतें. हा भेद ज्यास कळला त्याच्या ठिकाणीं विनय आपोआप येतो.

हल्लीं प्रश्न सांगतांच संपूर्ण प्रोग्रॅम लिहून देणारीं कृत्रिम बुद्धीचीं यंत्रें मुलांच्या हातीं आलीं आहेत. तीं वापरूं नका असें सांगून भागणार नाहीं. परंतु लिहिणारा कोणीही असो, लिहिलेलें बरोबर आहे कीं नाहीं हें ठरविण्याची जबाबदारी तें पुढें करणाराचीच राहते. ज्यास ताळा पाहतां येत नाहीं तो काल परीक्षक-यंत्राच्या अधीन होता, आज या नव्या यंत्राच्याही अधीन होईल.

म्हणून आमची शिक्षकबंधूंस व भगिनींस एक सूचना आहे. विद्यार्थ्यानें आपल्या प्रोग्रॅमसोबत तो कोणकोणत्या रांगांवर तपासला व त्याच रांगा कां निवडल्या हें लिहून द्यावें, आणि दहांपैकीं तीन गुण त्यासाठीं राखून ठेवावे. विद्यार्थिमित्रांस एवढेंच सांगणें कीं, पुढील कोडें हातीं घ्याल तेव्हां भोळा प्रोग्रॅम आधीं लिहा, आणि चातुर्याचा त्याच्यामागून लिहा.