"काका, हे स्टेरॉइड नाही, नॅचरल आहे!"

पोस्ट मोठी आहे, पण घरात जिमला जाणारा पोरगा असेल तर वाचाच.

परवा जीटीबी नगर स्टेशनबाहेर चहा घेताना आपल्या कोळीवाड्यातला एक पोरगा भेटला. वय वीस-एकवीस. म्हणाला, "काका, एमके चालू केलंय. आपलंच शरीर हार्मोन बनवतं, बाहेरचं काही नाही." वाक्य त्याचं नव्हतं, विकणाऱ्याचं होतं. डबीवर बारीक इंग्रजीत 'संशोधनासाठी, माणसांच्या वापरासाठी नाही' असं छापलेलं. बिल? नाहीच.

हे एमके म्हणजे एमके-६७७, इबुटामोरेन. आपल्या जठरात घ्रेलिन नावाचं हार्मोन बनतं, १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी ते शोधलं. ते भूक लावतं आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला ग्रोथ हार्मोन सोडायला लावतं. ही गोळी त्याचीच नक्कल करते. म्हणून भूक खवळते आणि पोराला वाटतं बॉडी बनतेय. ग्रंथी आपली, मान्य. पण बेल दाबणारं बोट बाहेरचंच की!

२००८ साली अमेरिकेतल्या ६५ निरोगी वयस्कर लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरात चरबी वगळता वजन साधारण किलोभर वाढलं. ताकद? वाढली नाही. रक्तातली साखर मात्र वाढली. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्यांवरची दुसरी चाचणी तर हार्ट फेल्युअरच्या भीतीने मध्येच थांबवावी लागली. अमेरिकेत या औषधाला आजही मान्यता नाही. 'वाडा'च्या बंदी यादीतही हा प्रकार आहे, म्हणजे उद्या पोरगा स्पर्धेत उतरला आणि टेस्ट झाली तर संपलंच.

ग्रोथ हार्मोन वाढवणारी औषधं डॉक्टरही देतात. उंची न वाढणाऱ्या मुलांना क्लोनिडीन देऊन ठरावीक वेळाने रक्त तपासतात. पण ती तपासणी असते, हॉस्पिटलात, नजरेखाली. इथे जिमचा ट्रेनरच डॉक्टर!

गंमत म्हणजे हे हार्मोन सगळ्यात जास्त सुटतं रात्रीच्या गाढ झोपेत, फुकट. आमचा हिरो रात्री दोनपर्यंत मोबाईलवर.

माझा राग पोरावर नाही. बिलाशिवाय हे विकणाऱ्यावर आहे, आणि अन्न व औषध प्रशासनावर. मिठाईच्या दुकानात दिवाळीला छापे पडतात, तसे जिमच्या काउंटरवर का नाहीत?

तुमच्या जिममध्ये अशी डबी दिसली तर लेबलचा फोटो इनबॉक्स करा. नाव गुप्त राहील. जमा झालेले फोटो घेऊन मी लेखी तक्रार देणार आहे.