आनंद हा पगार नव्हे

‘तुला आवडतंय ना? मग झालं तर!’

गेल्या तीन वर्षांत हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलं, त्याचा हिशोब आता राहिलेला नाही. सोसायटीतल्या काकू म्हणाल्या, लांबच्या आत्या म्हणाल्या, ऑफिसातले वरिष्ठही हसत हसत म्हणाले. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण या सहा शब्दांत एक अख्खा व्यवहार दडलेला आहे आणि तो व्यवहार मला मान्य नाही. हा लेख त्याबद्दल आहे.

आधी माझी बाजू कुठली ते सांगते. वय अठ्ठावीस, शिक्षण इंजिनिअरिंगचं, नोकरी हिंजवडीत, घर वाकडला, मुलं दोन. थोरली तीन वर्षांची, धाकटा आठ महिन्यांचा. आणि हो, मला आवडतं. दोघांना वाढवताना मला रोज मजा येते. हे वाक्य इतकं सरळ लिहितानाही इकडेतिकडे बघावंसं वाटतं, कारण आईच्या मजेला आपल्याकडे जागाच नाही.

तुमच्या फोनमध्ये बघा. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी फॅमिली ग्रुपवर गुलाबाच्या फुलांसकट जे येतं, त्यात आई म्हणजे झिजणारी, जळणारी, स्वतः उपाशी राहून घास भरवणारी कुणीतरी असते. तोच फोन रात्री अकराला उघडला की रील्समध्ये दुसरी आई दिसते. केस विस्कटलेले, टी-शर्टवर डाग, चार दिवस झोप नाही, आणि खाली माझ्या वयाच्या पोरींच्या कमेंट्स: ‘बघ, म्हणून मला मूल नको.’ पहिल्या आईची पूजा होते, दुसरीची कीव. पण मूल म्हणजे निव्वळ भोग, यावर दोघांचंही एकमत आहे. एकाच्या मते तो भोग पवित्र आहे, दुसऱ्याच्या मते मूर्खपणाचा. मधल्यामध्ये आमच्या घरात जे रोज घडतं, ते कुणाच्याच हिशोबात येत नाही.

काय घडतं? उदाहरण देते. माझी लेक दोन वर्षांची असताना ‘मी केलं’ असं अगदी व्यवस्थित म्हणायची. काही महिन्यांनी एकाएकी ती ‘मी करलं’ म्हणायला लागली. पाठोपाठ ‘बाबा ऑफिसला जाला’, ‘मी केळं खालं’. आजीला वाटलं, पोरगी बिघडली. मला मात्र टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. बस-बसली, पड-पडली, हस-हसली, मग कर-करलं का नाही? या मुलीला व्याकरण कुणी शिकवलेलं नाही. आजूबाजूच्या बडबडीतून तिने स्वतः नियम शोधून काढला आणि आता तो सगळीकडे लावून बघतेय. आधीचं ‘केलं’ हे पाठांतर होतं, ‘करलं’ हा शोध आहे. आमच्या धंद्यात चालणारी गोष्ट नव्या बदलानंतर बिघडली की त्याला रिग्रेशन म्हणतात. इथे बिघाड दिसतोय, पण आत नवं इंजिन बसलंय. जगभरच्या भाषांत मुलं असंच करतात हे नंतर वाचलं, पण ते माझ्या स्वयंपाकघरात, हातात केळ्याचं साल घेऊन घडताना बघायची गंमत वाचनात नाही.

धाकट्याचं वेगळंच. तो खुर्चीत बसतो, चमचा खाली टाकतो आणि वाकून बघतो. मी उचलून देते. तो परत टाकतो. वीस वेळा. वैताग येतो का? येतो. पण चौदाव्या वेळी त्याने चमचा डावीकडून टाकला आणि पडला तिथे न बघता थेट माझ्या तोंडाकडे बघितलं, तेव्हा कळलं की तपासणी चमच्याची संपली, आता माझी चालू आहे. ओढणीमागे तोंड लपवून ‘भॉ’ केलं की तो अजूनही असा हसतो, जणू मी खरोखरच जगातून नाहीशी होऊन परत आले. सध्या तो दिवसभर ‘बाबाबाबा’ करतो. नवऱ्याने ते स्वतःच्या नावावर जमा केलंय. ओठ मिटून उघडले की ब सहज निघतो, त्यात त्याचं कर्तृत्व नाही, हे मी त्याला सांगितलंय. त्याला फरक पडलेला नाही.

आणि दोघं मिळून जे करतात, त्यात माझं काहीच नसतं. ती उशी डोक्यावर ठेवून पाडते, तो खदखदून हसतो. ती पुन्हा पाडते. तो हसतो म्हणून ती हसते, ती हसते म्हणून तो. मी तिथे फक्त प्रेक्षक असते आणि ते मला पुरेसं असतं.

याला कुणी ‘बायकी कौतुक’ म्हणणार असेल, तर त्याने चार्ल्स डार्विनलाही तेच म्हणावं. डार्विनने आपल्या थोरल्या मुलाच्या बाळपणाच्या नोंदी ठेवल्या होत्या. बाळ कधी चिडलं, कशाला घाबरलं, कधी हसलं. १८७७ साली त्यावरचा त्याचा लेख ‘माइंड’ या नियतकालिकात छापून आला. जाँ पियाजेने आपल्या तीन मुलांचे खेळ बारकाईने पाहिले आणि त्यातून बालमानसशास्त्राचा मोठा भाग उभा राहिला. ओढणीमागे गेलेली आई नाहीशी झाली की आहे, हा प्रश्न त्याच्याच अभ्यासातला. त्याची बायको व्हॅलेंटीन हिचाही त्या निरीक्षणांत हात होता, पण नाव गाजलं ते पियाजेचं. मुलाकडे टक लावून बघत बसलेला बाप शास्त्रज्ञ ठरतो. तेच करणाऱ्या आईला लोक विचारतात, ‘सध्या घरीच का?’

मराठीत तर आईची गोष्ट मुलानेच सांगायची रीत आहे. ‘श्यामची आई’ आठवा. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि त्यात रोज रात्री श्याम मित्रांना आईच्या आठवणी सांगतो. पुस्तक मी लहानपणी वाचलंय, रडलेही आहे. पण आज वाचताना एक गोष्ट खटकते. त्या माउलीला श्यामचा त्रास होतो, अभिमान वाटतो, काळजी वाटते, हे सगळं आपल्याला श्यामकडून कळतं. तिला त्याच्याबरोबर मजा कधी आली, हे तिला कुणी विचारलेलंच नाही. गंमत अशी की याच साने गुरुजींनी खेड्यापाड्यांतून बायकांच्या ओव्या गोळा केल्या आणि ‘स्त्री जीवन’मध्ये छापल्या. पुढे हेमा रायरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या गावोगावच्या एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या नोंदल्या गेल्या. त्या ओव्यांत कष्ट आहेत, सासुरवास आहे, आणि तान्ह्याचं कौतुकही आहे. त्याचं रांगणं, त्याचं अंगडं-टोपडं, त्याचा हट्ट, सगळं आईच्या स्वतःच्या तोंडून. पहाटे दळताना आमच्या पणज्यांना हे म्हणता येत होतं. म्हणजे आईच्या आनंदाची भाषा मराठीत नव्हतीच असं नाही. ती जात्याबरोबर अडगळीत गेली आणि श्यामचे अश्रू तेवढे शिल्लक राहिले.

आता त्या पहिल्या वाक्याकडे येऊ. ‘आवडतंय ना, मग झालं तर.’ याचा अर्थ असा की आनंद हाच तुझा मोबदला, आता आणखी काही मागू नकोस.

मला कोड लिहायलाही आवडतं. तीन दिवस छळणारा बग सापडला की मी खुर्चीतून उठून नाचते. म्हणून महिन्याच्या शेवटी कुणी असं म्हणत नाही की ‘तुला मजा आली ना, मग पगार कशाला?’ क्रिकेटपटूला खेळायला आवडतं म्हणून त्याचे पैसे कुणी कापत नाही. फक्त मुलं सांभाळण्याच्या कामात आनंद हीच मजुरी धरली जाते. आणि मग दोनच वाटा उरतात. रजा, मदत, झोप मागायची असेल तर आधी रडून दाखवावं लागतं, आणि हसताना दिसलीस तर ‘हिचं छान चाललंय की’ म्हणून सगळे निघून जातात. दमलेल्या आयांच्या रील्सचं पीक कशामुळे येतं, ते यातून समजेल. दुःख दाखवल्याशिवाय अर्ज मंजूर होत नाही, म्हणून बायका दुःख दाखवतात.

जरा आकडे बघू. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, ते काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. घरातल्या माणसांची काळजी घेण्यात बायकांची १३४ मिनिटं, पुरुषांची ७६. मला यातली १३४ मिनिटं खुपत नाहीत, त्यांतली कितीतरी माझ्या दिवसातली सगळ्यात चांगली मिनिटं असतात. खुपतात ती २९९. मुलाबरोबर बसायचा वेळ भांडी, डबे, कपड्यांच्या घड्या आणि उद्याच्या भाजीची चिंता खाऊन टाकते. चमचा वीस वेळा उचलून देण्यात मजा असते, पण ओट्यावर कुकर वाट बघत नसेल तर. आनंदाला वेळ लागतो, आणि वेळ फुकट येत नाही.

कायद्यालाही हे थोडंफार कळलं होतं. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं, असं त्यात लिहिलंय. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजण्यासाठी दोन वेळा सुट्टी हेही कायद्यात आहे. पण रजेच्या पगाराचा सगळा भार कंपनीवर टाकला, आणि मुलाखतीत माझ्या मैत्रिणींना ‘लग्नाचं काय ठरलंय?’ असं सहज विचारलं जातं, त्याचं एक कारण तिथे आहे. माझ्याबाबतीत रजेवरून परतल्यावर वार्षिक मूल्यमापनात ऐकायला मिळालं, ‘यंदा तू अर्धंच वर्ष होतीस ना.’ हो, अर्धंच होते. उरलेलं अर्धं वर्ष मी कायद्याने दिलेल्या रजेवर होते, गोव्याला नव्हते.

आणि बापांचं काय? केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीत बापाला रजा द्यायला कुठलाच केंद्रीय कायदा बांधील करत नाही. धाकटा झाला तेव्हा माझा नवरा काही दिवसांतच लॅपटॉप उघडून बसला होता. ‘करलं’चा शोध लागला त्या संध्याकाळी तो मीटिंगमध्ये होता. त्याला ‘मदत करत नाहीस’ म्हणून बोलणारे पुष्कळ आहेत. त्याचं काहीतरी हिरावून घेतलं गेलंय, असं कुणीच म्हणत नाही. मला वाटतं, बापांनी हे काम कर्तव्य म्हणून नव्हे, हक्क म्हणून मागितलं, तर गोष्टी लवकर बदलतील.

इथे माझ्याच घरातली एक गोष्ट सांगायला हवी. मी कामावर असताना धाकट्याला ज्या ताई सांभाळतात, त्यांची स्वतःची लेक गावी आजीकडे आहे. आमच्या घरात त्या २६ आठवड्यांचा कायदा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. तिच्या नव्या नव्या शब्दांच्या गमती त्या संध्याकाळी फोनवर ऐकतात. आईच्या आनंदाबद्दल लिहिताना मी फक्त स्वतःसाठी वेळ मागितला, तर तो ताईंच्या वेळातूनच कापला जाईल. म्हणून ही मागणी आयटीतल्या बायकांपुरती ठेवता येत नाही.

एक आक्षेप येणार, तो आधीच घेते. ‘असं आनंदाचं लिहिलं की मुलं जन्माला घाला म्हणून मागे लागणाऱ्यांचं फावतं.’ फावू नये. मला ट्रेकिंग आवडतं म्हणून तुम्ही हरिश्चंद्रगड चढलाच पाहिजे असं होत नाही. ज्यांना मूल नको त्यांचं आयुष्य पूर्णच आहे. बाळंतपणानंतर ज्यांना महिनोन्‌महिने काहीच वाटत नाही, अंधारून येतं, त्यांना डॉक्टर हवा आणि आधार हवा. माझा लेख वाचून त्यांच्यातल्या कुणाला ‘तुला का नाही आवडत?’ असं विचारलं गेलं, तर विचारणाऱ्याला लेख कळलेलाच नाही. पण हा आनंद लपवल्याने यांतल्या कुणाचंच भलं होत नाही. उलट, तो आनंद सांगायचं काम आपण ग्रीटिंग कार्डवाल्यांकडे देऊन टाकतो.

तेव्हा पुढच्या वेळी एखादी आई तिच्या पोराची गंमत सांगत असेल, तर ‘आवडतंय ना, मग झालं तर’ म्हणू नका. आधी ती गंमत पूर्ण ऐका, बहुतेक वेळा ती खरंच चांगली असते. मग ओट्यावर काय पडलंय ते विचारा, आणि तुम्ही तिचे मॅनेजर असाल तर तिच्या रजेचे दिवस मोजायचं थांबवा. तिला आवडतंय, म्हणूनच तिला त्यासाठी वेळ मिळाला पाहिजे.