गुपित कोणापासून?

युद्धकाळी सरकारने बातम्यांवर पहारा बसविला तर त्यात वावगे काय, असे विचारणारे गृहस्थ प्रत्येक पिढीत निघतात. पलटणींच्या हालचाली व जहाजांच्या वेळा गुप्त राहाव्या, याविषयी आमचा त्यांच्याशी तंटा नाही. आम्ही विचारतो ते एवढेच, की १९४२-४३ साली बंगालमध्ये इंग्रज सरकारने जे झाकले ते कोणापासून?

१६ ऑक्टोबर १९४२ रोजी मिदनापूरच्या किनाऱ्यावर भयंकर वादळ आले. समुद्र गावांत शिरला. हजारो माणसे बुडाली, उभे पीक गेले. शत्रूस सुगावा लागेल या सबबीवर ती वार्ता कित्येक दिवस छापू दिली नाही. ब्रह्मदेश आणि अंदमान ज्यांच्या ताब्यात, त्या जपान्यांना उपसागरातले वादळ कलकत्त्याची वर्तमानपत्रे वाचून कळावयाचे होते काय? अंधारात राहिले ते शेजारच्या जिल्ह्यांतले लोक, ज्यांची मदत वेळेवर निघू शकली असती.

पुढील वर्षी तांदूळ दिसेनासा होत असता, प्रांताच्या पुरवठा खात्याने खरी टंचाई नाहीच, साठेबाज तेवढे दोषी, असा प्रचार चालविला. लोकांस धीर यावा म्हणून, म्हणे! धीराने चुलीवर भात शिजत नाही. 'दुष्काळ' हा शब्द तर सरकारने अखेरपर्यंत अधिकृतपणे उच्चारला नाही. आणि यातच सारी मेख आहे. दुष्काळ जाहीर होताच कामे काढणे व निराधारांस अन्न देणे हे सरकारवर त्याच्याच दुष्काळी नियमांनी बंधनकारक होते. १८९६ साली टिळकांनी व सार्वजनिक सभेने हेच नियम आपल्याकडील रयतेस समजावून सांगितले, तेव्हा सरकार का संतापले ते यावरून उमगावे. नियम ठाऊक असलेला शेतकरी भीक मागत नाही, हक्क मागतो. बंगालमध्ये नियम लपविण्याचीही गरज पडली नाही. शब्द गिळला की काम झाले.

२२ ऑगस्ट १९४३ रोजी 'स्टेट्समन'ने कलकत्त्याच्या रस्त्यांवरील भूकबळींची छायाचित्रे छापली. पत्र इंग्रजी मालकीचे, संपादक इयन स्टीफन्स हे इंग्रज. राजद्रोहाचा आरोप त्यांच्यावर कोण करणार? चित्तप्रसाद या तरुण चित्रकाराला मात्र ती सवलत नव्हती. मिदनापूर पायी हिंडून त्याने केलेल्या 'हंग्री बेंगॉल' या पुस्तिकेच्या पाच हजार प्रती सरकारने जप्त करून जाळल्या. हाडांच्या सापळ्यांच्या रेखाटनांत कोणते लष्करी रहस्य होते, हे पहाऱ्याच्या समर्थकांनी आम्हांस एकदा सांगावे. शत्रूच्या गोटाला तर सारे ठाऊकच होते: त्याच ऑगस्टात सुभाषबाबूंनी परदेशी नभोवाणीवरून बंगालसाठी तांदूळ देऊ केला होता.

लंडनमध्येही याच सरकारने जुलै १९४० मध्ये लोकांच्या बोलण्यास आळा घालण्याची मोहीम काढली होती. तिची टर उडाली, आणि काही आठवड्यांत ती गुंडाळली गेली. तेथील प्रजेला मत होते.

बंगालच्या मृतांचा आकडा १९४५ च्या चौकशी आयोगाने सुमारे पंधरा लाख धरला. पुढील अभ्यासकांनी तो तीस लाखांच्या आसपास नेला. नेमका आकडा निघत नाही, कारण गावोगावी मृत्यूंची खबर देणारे चौकीदारही कित्येक ठिकाणी उपासमारीने मेले किंवा गाव सोडून गेले होते.