मुलांच्या ताटातले अंडे : १९२५ आणि २०२५

१/ शालेय पोषण आहाराला ‘फुकटची खिचडी’ म्हणून हिणवणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. त्या ताटामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्याचा धडा एकच : मुलांचे अन्न ‘निधी असल्यास’ या अटीवर सोडले, की ते ताटातून जाते.

२/ सप्टेंबर १९२०. पिट्टी त्यागराय चेट्टी यांच्या नेतृत्वाखालील मद्रास महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातील आपल्या शाळेत मुलांना आहार देण्याचा ठराव केला. खर्चाची मर्यादा : मुलामागे दिवसाला एक आणा.

३/ पुढे योजना लागू झालेल्या पाच शाळांची पटसंख्या १९२२-२३ मधील ८११ वरून १९२४-२५ मध्ये १,६७१ झाली. तरीही प्राथमिक शिक्षण निधीतून हा खर्च करण्यास सरकारने मनाई केली आणि १ एप्रिल १९२५ रोजी योजना थांबली. ती फसली नव्हती; तिचा पैसा अडवला गेला होता.

४/ १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची योजना आली. पण बहुतेक राज्यांनी महिन्याला ३ किलो धान्य देऊन हात झटकले. अखेर २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला : शिजवलेले अन्न, किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिने, वर्षाला किमान २०० दिवस.

५/ २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने हे निकष वाढवले : प्राथमिकसाठी ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिकसाठी ७०० कॅलरी व २० ग्रॅम. म्हणजे हे दान नव्हे, कायद्याने दिलेला हक्क आहे.

६/ आता महाराष्ट्र. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्याचा निधी काढून घेतला. अंडे द्यायचे तर शाळांनी ‘लोकसहभागा’तून द्यावे!

७/ लोकसहभाग कुठे जमेल? जिथे पालकांच्या खिशात चार पैसे आहेत, तिथे. जिथे मुलाला अंड्याची सर्वाधिक गरज, तिथे वर्गणी सर्वांत कमी. भावना दुखावण्याचा आक्षेपही टिकत नाही. अंडे न खाणाऱ्यांसाठी केळ्याची सोय मूळ निर्णयातच होती.

८/ १९२५ मध्ये सत्ता परकी होती, असे म्हणून आपण सुटतो. २०२५ चा निर्णय आपल्याच सरकारचा आहे. म्हणून मागणीही स्पष्ट हवी : अंड्याचा खर्च अर्थसंकल्पात परत आणा. मुलांचे पोषण वर्गणीवर चालत नाही.