नटसम्राट : अप्पांच्या वाटणीचा हिशेब

व्यापारी कुटुंबात पिढी कधी बदलली, हे पाटीवरून कळत नाही, गल्ल्यावरून कळते. वसई, नालासोपारा, विरार येथील बाजारपेठांत अशी कितीतरी दुकाने आहेत की, ज्यांच्या पाटीवर वडिलांचे नाव असते, गल्ल्यावर मुलगा बसतो आणि वडील सायंकाळी तासभर येऊन बाजूच्या खुर्चीत बसतात. त्या खुर्चीचा मान किती उरला आहे, हे दुकानातील नोकरालाही ठाऊक असते. वि. वा. शिरवाडकर यांचे ‘नटसम्राट’ हे नाटक रंगभूमीवरील एका थोर नटाची शोकांतिका म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु ते या बाजूच्या खुर्चीचेही नाटक आहे आणि म्हणूनच व्यापारी घरांनी ते एकदा हिशेबाच्या दृष्टीने वाचावयास हवे.

गोवा हिंदु असोसिएशनच्या कला विभागाने डिसेंबर १९७० मध्ये हे नाटक रंगभूमीवर आणले. दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे होते. गणपतराव बेलवलकरांची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी आणि कावेरीची भूमिका शांता जोग यांनी केली. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा समर्थ नटांनी बेलवलकर साकारले. १९७४ मध्ये या नाटकासाठी शिरवाडकरांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तर २०१६ मध्ये महेश मांजरेकरांच्या चित्रपटातून नाना पाटेकरांनी ही भूमिका नव्या पिढीसमोर आणली.

कथानक सर्वपरिचित आहे. गणपतराव, म्हणजेच अप्पा, रंगभूमीवरून निवृत्त होतात आणि आनंदाच्या भरात आपली मिळकत मुलगा नंदा व मुलगी नलू यांत वाटून टाकतात. मुलाकडे काही दिवस बरे जातात. मग आजोबांच्या रांगड्या वळणाचा नातीवर, ठमीवर, होणारा परिणाम सुनेला खुपू लागतो. अप्पा आणि कावेरी मुलीकडे येतात. तेथे पैसे नाहीसे होतात आणि संशय वडिलांवर जातो. पुढे कावेरीचे निधन होते आणि एके काळचा नटसम्राट फुटपाथवर येतो.

या नाटकामागे शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ची सावली आहे, हे समीक्षकांनी पुष्कळ वेळा सांगितले आहे. मात्र दोन्ही पित्यांमधील भेद अधिक बोलका आहे. लिअर राज्य वाटण्यापूर्वी मुलींकडून प्रेमाची ग्वाही मागतो आणि खुशामतीला भुलतो. शिवाय शंभर सरदारांचा लवाजमा आणि राजा ही पदवी तो स्वतःकडे ठेवतो. अप्पा काहीच मागत नाहीत आणि काहीच ठेवत नाहीत. लिअरची चूक अहंकाराची होती. अप्पांची चूक चांगुलपणाची आहे आणि त्यामुळेच ती आपल्या घरांच्या अधिक जवळची आहे. मुलांकडे ग्वाही मागणे त्यांना प्रेमाचा अपमान वाटतो, कागदावर अट लिहिणे तर त्याहूनही कमीपणाचे वाटते. आपल्याकडील किती वडील आज नेमका हाच विचार करतात!

कावेरी या प्रसंगी त्यांना सावध करते. द्यायचे ते जरूर द्या, पण आपल्यासाठी काही राखून ठेवा, असा तिचा साधा आग्रह असतो. अप्पा तिला कौतुकाने ‘सरकार’ म्हणतात. परंतु सर्वांत मोठ्या निर्णयात या सरकारचा शब्द चालत नाही. शिरवाडकरांनी या लाडक्या संबोधनात मोठी विसंगती ठेवली आहे. घराचा जमाखर्च आयुष्यभर ज्या बाईने सांभाळला, तिचे मत वाटणीच्या दिवशी विचारले जात नाही, हे चित्र केवळ रंगभूमीवरच दिसते असे नाही.

नंदा आणि नलू यांना खलनायक मानणे सोपे आहे. पण नाटककाराने तसे केलेले नाही. ती सामान्य माणसे आहेत. सुनेला शिस्तीचे घर हवे आहे. मुलीला आपल्या संसाराची चारचौघांतील प्रतिष्ठा जपायची आहे. कोणीही आईवडिलांना उपाशी ठेवत नाही. दुखणे येते ते बारीकसारीक गोष्टींतून. मोठ्याने बोलू नका, पाहुण्यांसमोर येऊ नका, मुलीला हे शिकवू नका. यांतील प्रत्येक सूचना स्वतंत्रपणे पाहिली तर रास्त वाटते. सर्व एकत्र केल्या की त्या घरात वडिलांना बसायला जागा उरत नाही.

हरवलेल्या पैशांचा प्रसंग हा नाटकाचा मर्मबिंदू होय. व्यापाऱ्याला त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. पेढीवर रोकड कमी पडली तर ती भरून काढता येते, पत गेली तर ती भरून येत नाही. अप्पांनी मुलीला दिलेली संपत्ती हरवलेल्या रकमेच्या कितीतरी पट होती. तरीही संशय त्यांच्यावरच गेला, कारण त्या घरात आता ते देणारे राहिले नव्हते, घेणारे झाले होते. नंतर खुलासा होतो. पण खुलाशाने संशय पुसला जात नाही. मिळकत बक्षीसपत्राने हस्तांतरित होते. पत तशी होत नाही. ती मागे राहते आणि आधार काढून घेतला की एकटी कोसळते.

नाटकातील स्थळेही अर्थपूर्ण आहेत. मुलाचे घर, मुलीचे घर आणि फुटपाथ अशी अप्पांची वाट उतरत जाते. पण शेवटच्या पायरीवर त्यांना पुन्हा माणूस भेटतो. बूटपॉलिश करणारा एक पोरगा त्यांना आपलेपणाने सांभाळतो. त्याचे नाव राजा. रंगमंचावर आयुष्यभर राजे रंगवणाऱ्या नटाला अखेरीस आसरा मिळतो तो खिशात काही नसलेल्या राजाकडे. त्याने अप्पांकडून काहीही घेतलेले नसते, म्हणून त्याच्या मायेत हिशेब नसतो.

हा विषय पडद्यावरही पुन्हा पुन्हा आला आहे. १९३७ मधील ‘मेक वे फॉर टुमॉरो’ या अमेरिकी चित्रपटात राहते घर गेल्यावर वृद्ध पतिपत्नीला मुलांकडे वेगवेगळे राहावे लागते. राजा परांजपे यांच्या ‘ऊन पाऊस’ या १९५४ च्या मराठी चित्रपटातही आईवडील असेच विभागले जातात. २००३ च्या ‘बागबान’चा नायक तर बँकेतून निवृत्त झालेला आहे, दुसऱ्यांच्या पैशांचा चोख हिशेब ठेवणाऱ्या या गृहस्थाने स्वतःच्या उतारवयासाठी काहीच राखलेले नसते. काळ आणि देश बदलले, तरी चूक तीच राहिली.

आजच्या वाचकाने या ठिकाणी कायद्याकडेही पाहावे. मृत्युपत्र मृत्यूनंतरच अमलात येते आणि हयातीत ते कितीही वेळा बदलता येते. नोंदणीकृत बक्षीसपत्राचे तसे नाही. मालकी लगेच जाते आणि केवळ मन बदलले म्हणून ती परत येत नाही. महाराष्ट्रात राहते घर मुलामुलींना बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये असल्याने अनेकांना हा मार्ग सोयीचा वाटतो; शुल्क वाचते, पण निर्णय कायमचा होतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकविषयक कायद्याच्या कलम २३ ने एक दार उघडे ठेवले आहे. देखभालीच्या अटीवर मिळकत दिली आणि ती अट पाळली गेली नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्दबातल ठरवू शकते. २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका मातेला याच कलमाच्या आधारे मिळकतीचा ताबा परत देण्याचा आदेश दिला. तेथे सांभाळाचे वचन कागदावर होते, हे विसरू नये. अप्पांना लाजिरवाणी वाटली असती, तीच ही अट. बँक खात्यावरील नामनिर्देशनाबाबतही गैरसमज नको. नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते. वारसांचा हक्क त्यामुळे संपत नाही.

यावर कोणी म्हणेल, आपल्या परंपरेत तर त्यागाचा गौरव आहे, मग राखून ठेवण्याचा सल्ला कसा? उत्तर अप्पांच्या स्वभावात आहे. तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाचे मूळ वस्तूत नव्हे, आसक्तीत पाहिले आहे. अप्पांनी वस्तू सोडल्या. घरातील पहिला मान, नातीवरचा अधिकार, आपल्या शब्दाचा दरारा यांवरील आसक्ती सोडली नाही. संपत्ती गेली आणि अपेक्षा तशाच राहिल्या, तर त्याला त्याग म्हणता येत नाही. जो गृहस्थाश्रमातच राहणार आहे, त्याने आपल्या आणि पत्नीच्या निर्वाहापुरते, औषधपाण्यापुरते आणि राहत्या छपरापुरते स्वतःच्या नावावर ठेवणे, यात लोभ नाही. उलट मुलांवरील ओझे त्यामुळे हलके होते आणि प्रेमाला मोकळेपणा मिळतो.

पर्युषणानंतर किंवा दिवाळीच्या चोपडापूजनाच्या सुमारास सारे कुटुंब एकत्र येते. अशा एखाद्या सायंकाळी हा चित्रपट सर्वांनी मिळून पाहावा. तो संपल्यावर लगेच दिवे लावून उठू नये. मुलांनी वडिलांना विचारावे, आमच्या घरात तुम्हांला काय खुपते? वडिलांनी आईला विचारावे, वाटणीबद्दल तुझे मत काय? कावेरीला हा प्रश्न योग्य वेळी विचारला गेला असता, तर बेलवलकरांचे घर कदाचित वाचले असते.