झडपेला पावसात रंधा नको

आषाढ लागला की कोकणातल्या जुन्या घरांतून सुतारांना एकच निरोप येऊ लागतो: माळ्याची झडप अडकलीय, येऊन जरा रंधा मारून द्या. आपण जातो, झडप उतरवतो, कड तासून देतो. मालक खूश. माघात त्याच झडपेच्या फटीतून माळ्यावरची धूळ थेट जेवणाच्या ताटात पडू लागते आणि दोष सागाला दिला जातो.

आमचं म्हणणं असं, की रंधा काढण्याआधी विचारावं, ‘यंदाच का?’ चाळीस-पन्नास पावसाळे जी झडप बिनबोभाट उघडली-मिटली, ती याच वर्षी अडकली तर लाकडाने आपला स्वभाव बदललेला नाही. कोरड्या दिवसांत साधारण बारा टक्के ओल असलेला साग भर पावसात अठरा टक्क्यांपर्यंत जातो, दोन फूट रुंदीत चार-पाच मिलिमीटर फुगतो, लांबीत जवळपास मुळीच नाही. जुन्या मिस्त्रींनी तेवढी फट रुंदीच्या बाजूंना सोडलेली असते. मग ती गेली कुठे? बहुतेक वेळा उत्तर वर सापडतं. माकडांनी कौल सरकवलेलं असतं, किंवा पन्हळीचं पाणी उलटं वळलेलं असतं. कधी दर गणपतीला चढवलेल्या ऑइलपेंटच्या थरांनीच फट बुजवलेली असते. तिथे रंधा नव्हे, खरवडणी हवी.

त्या रंगाचं आणखी एक दुखणं. खालची बाजू चकचकीत रंगवायची आणि वरची, कुणाला दिसत नाही म्हणून, कोरी ठेवायची ही आपल्याकडची सार्वत्रिक खोड. कोरी बाजू ओल पिते, फुगते, फळी मधे उचलते आणि कडा खाली झुकतात. बेलतेल द्यायचं तर दोन्ही अंगांना आणि चारही कडांना द्या.

आता बिजागरी. खाली उघडणाऱ्या झडपेला ती चौकटीच्या तळाला मारलेली असेल, तर स्क्रूवर सरळ उपटण्याचा ताण येतो. भिंतीतल्या दाराला हा प्रकार नसतो, म्हणून दाराच्या सवयीने मारलेले पाऊण इंची स्क्रू इथे टिकत नाहीत. भोक सैल झालं की काडीपेटीच्या काड्या कोंबणं आपण सगळेच करतो. चार महिने निघतात. पक्कं करायचं तर भोक मोठं करून त्याच जातीच्या लाकडाची खुंटी सरसाने बसवा. मात्र खुंटी अशी कापा की स्क्रू तिच्या रेषांना आडवा जाईल. गोल दांड्याच्या तोंडात मारलेला स्क्रू पुन्हा निसटतो. किनाऱ्यालगत पितळी स्क्रूच बरे. पितळ मऊ, म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून आटे पाडा, मग पितळी स्क्रूला मेण लावून बसवा.

वर उघडणाऱ्या झडपेचा धोका वेगळा आहे. अडीच फुटी चौरस, इंचभर जाडीची सागाची झडप नऊ-दहा किलो भरते, आणि खाली शिडीवर माणसाचं डोकं असतं. ती काटकोनाच्या थोडी पलीकडे झुकून साखळीवर टेकली पाहिजे, शिवाय भिंतीला आकडा हवा. तो नसेल तर बाकीचं काम नंतर, आधी आकडा.

झडप बदलून प्लायवूड लावून मागणारेही आहेत. कौलाखाली लावायचं तर आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्या आणि कापलेल्या कडा बंद करा, नाहीतर थर सुटतात.

राहिला पैशाचा प्रश्न. जुलैत जाऊन खडू घासून झडप कुठे घासते ते पाहिलं, कौल सरळ करायला सांगितलं, स्क्रू आवळले आणि रंधा न मारता परतलो, तर मालक विचारतो, ‘काम काय केलं?’ या भीतीपोटीच निम्मे रंधे चालतात. पाहणीची मजुरी आधीच सांगा आणि त्याच दिवशी घ्या. तासायचं खरोखर उरलंच, तर लाकूड सुकल्यावर, माघातली तारीख देऊन या.